तक्तपोशीखालचें पाणी

पालघर, केळवें-माहीम, चिंचणी, तारापूर या बाजूच्या जुन्या घरांपैकीं कांहींना अजून लांकडी माडी आहे. खालीं सागवानी तुळया, त्यांवर फळ्यांची तक्तपोशी आणि वर कौलांचें छप्पर, अशी तिची रचना असते. त्या माडीवर वडील माणसें निजतात, मुलें अभ्यास करितात, वर्षाच्या धान्याचीं पिंपें ठेविलेलीं असतात. हा सारा भार ज्या तुळयांवर असतो, त्यांच्याकडे मात्र सहसा कोणी पाहात नाहीं. म्हणून तक्तपोशीखालीं मुरणारें पाणी कसें ओळखावें आणि त्यानें केलेली हानि कशी भरून काढावी, हें मुलांनीं व वडील मंडळींनीं मिळून समजून घेणें अगत्याचें आहे.

पाण्यास शिरावयाला मोठी वाट लागत नाहीं. सरकलेलें एक कौल, पन्हळींत साचलेला पाला, मोरीच्या कोपऱ्यांतील चीर, एवढें पुरे होतें. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेलें. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. वादळानें कौलें हलतात, धक्क्यांनीं भिंती तडकतात, आणि पुढील पावसांत त्याच वाटांनीं पाणी तुळयांपर्यंत पोंचतें. शिवाय पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्यावरील हवा इतकी दमट असते कीं, एकदां भिजलेलें लांकूड लवकर सुकत नाहीं.

पाण्यानें लांकूड कुजतें असें आपण म्हणतों. परंतु खरोखर त्याला खाते ती बुरशी. सुक्या लांकडाच्या वजनाच्या शेंकडा २० हून कमी पाणी त्यांत असेल, तर बुरशी वाढूं शकत नाहीं. त्याहून अधिक ओल टिकली आणि हवा कोंडली, म्हणजे तिला रान मोकळें मिळतें. इंग्लंडच्या आरमारासाठीं बांधलेलीं ३० नवीं जहाजें सतराव्या शतकाच्या अखेरीस बंदरांत उभीं राहूनच कुजूं लागलीं; त्यांच्या कोंदट तळांत सॅम्युएल पीप्स या अधिकाऱ्यास मुठीएवढीं अळंबीं आढळलीं. सागाचा गाभा फार टिकाऊ खरा, पण त्याच्या बाहेरील पांढुरक्या लांकडास तो गुण नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, हें प्रमाण तुम्हांस प्रयोगशाळेंत काढतां येईल. संशयित फळीची ढलपी तोलावी. मग शिक्षकांच्या देखरेखीखालीं भट्टींत सुमारें १०३ अंश सेंटिग्रेड उष्णतेवर, वजन उतरणें थांबेपर्यंत, ती वाळवावी. ओली ढलपी ६५ ग्रॅम व सुकी ५० ग्रॅम भरली, तर पाणी १५ ग्रॅम, म्हणजे शेंकडा ३० झालें. असें लांकूड धोक्यांत आहे.

घरीं तपासणी करितांना पुढील खुणा पाहाव्या: कुबट वास, फुगलेली किंवा पायाखालीं लवणारी फळी, खालून दिसणारा काळसर डाग, मातीच्या नळ्यांसारखी वाळवीची वाट. लांकडावर ठोकल्यास पोकळ आवाज येतो काय, तें ऐकावें. टोंकदार खिळा आडवा रोवून उचकटावा; निरोगी लांकडाची लांब सळई निघते, कुजलेल्याचा आंखूड तुकडा पडतो. तुळईचें भिंतींत रोवलेलें टोंक आधीं पाहावें, कारण तेथें ओल असते आणि वारा नसतो.

आतां दुरुस्तीचा क्रम. पहिलें काम पाण्याची वाट बंद करणें. डागाच्या कडेनें खडूची रेघ ओढून तारीख लिहावी; डाग रेघेबाहेर गेला, तर पाणी अद्याप येत आहे असें समजावें. दुसरें काम आधार देणें. माडीवरील सामान उतरवावें, विजेचा प्रवाह बंद करावा, आणि जाणत्या सुताराकडून तुळईखालीं टेकू लावून मगच फळ्या उचकटाव्या. हें काम मुलांनीं करूं नये. तिसरें काम वाळविणें. दोन्ही बाजूंनीं वारा खेळूं द्यावा. शेगडी पेटवून घाई करूं नये. शेवटीं कुजलेला भाग, त्यापलीकडील थोडें निरोगी लांकूड धरून, कापून टाकावा आणि पुरतें सुकलेलें नवें लांकूड बोल्टांनीं जखडावें. भिंतींतील टोंकाभोंवतीं हवेसाठीं जागा ठेवावी.

बोईसरच्या नव्या सदनिकांत लादीवर पातळ लांकडी फळ्या बसवितात, त्यांनाही हाच नियम लागू आहे. सर्व तोट्या बंद असतां पाण्याचें मीटर फिरत राहिलें, तर नळ कोठें तरी गळत आहे. आधीं तो दुरुस्त करावा, लादी कोरडी होऊं द्यावी, मग फळ्या बसवाव्या.

पवित्र शास्त्रांतील लेवीय नांवाच्या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायांत घराच्या भिंतीस लागलेल्या चट्ट्याविषयीं नियम आहेत. याजकानें घर पाहावें, सात दिवस बंद ठेवून पुन्हां पाहावें, चट्टा पसरला असल्यास बिघडलेले दगड काढून, भिंत खरवडून नवा गिलावा करावा, असें तेथें सांगितलें आहे. पाहणें, थांबणें, पुन्हां पाहणें आणि मग झांकणें, हा क्रम आजही सुटत नाहीं.

लग्नकार्य जवळ आलें कीं ओल्या फळ्यांवर मेणकापड पसरून किंवा रंग देऊन वेळ निभावण्याचा मोह होतो. त्यानें डाग दिसेनासा होतो, पण ओल आंतच कोंडते, आणि पुढें नेमक्या पाहुण्यांच्या गर्दींत ती तुळई दगा देण्याचें भय राहतें. पाहुण्यांनीं डाग पाहिला तर फार तर थोडी लाज वाटेल. माडी खचली तर माणसें जातील. म्हणून यंदां पाऊस उघडल्यावर वडिलांबरोबर टॉर्च घेऊन माडीखालीं जा, आणि दिसेल तें त्यांस दाखवा.