ऑलिव्हचा कडूपणा जातो कोठे?

ग्रीसमध्ये पाव, चीज आणि ऑलिव्हची फळे हे नेहमीचे जेवण. पण हेच फळ झाडावरून तोडून तोंडात टाकाल, तर लगेच थुंकून टाकाल, इतके ते कडू असते! मग ते खाण्याजोगे होते कसे?

ऑलिव्हचे शास्त्रीय नाव ओलिया यूरोपिया. आपल्या अंगणातील मोगरा आणि प्राजक्त याच कुलातले. त्याच्या गरात ओल्यूरोपीन नावाचे कडू द्रव्य असते. ते पाण्यात विरघळते. म्हणजे फळे पाण्यात ठेवली की काम झाले, असे तुम्हाला वाटेल. पण फळाची साल मेणचट असते. तिच्यातून आणि गरातून बाहेर पडायला या द्रव्याच्या रेणूंना फार वेळ लागतो. रेणूंच्या अशा आपोआप पसरण्याला विसरण म्हणतात. विसरणाचा एक नियम ध्यानात ठेवा : अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो, अंतर निम्मे केले की वेळ पावपट होतो.

आता ग्रीक शेतकऱ्यांच्या रीती पाहा. हिरवी फळे दगडाने ठेचून पाण्यात टाकतात आणि पाणी रोज बदलतात. थोड्याच दिवसांत कडूपणा उतरतो. दक्षिणेकडील कालामाता भागातील बदामाच्या आकाराच्या जांभळट-काळ्या फळांना उभ्या चिरा देतात. नंतर ती मिठाच्या पाण्यात मुरवून द्राक्षाच्या शिरक्यात घालतात. ठेचणे काय किंवा चिरणे काय, दोन्हींमुळे सालीचा अडसर दूर होतो आणि रेणूंची वाट आखूड होते. अम्फिसा येथील कॉन्सर्वोलिया जातीची फळे मात्र अखंडच मिठाच्या पाण्यात ठेवतात. त्यांना कित्येक महिने लागतात! त्या काळात जिवाणू आंबवण्याची क्रिया करतात, आम्ल तयार होते आणि कडू द्रव्याचे विघटनही होते.

थासोस बेटावरील थ्रुंबा जातीची रीत आणखी निराळी. पूर्ण पिकलेली फळे कोरड्या मिठात थरांनी रचतात. परासरणामुळे फळातील पाणी बाहेर ओढले जाते, त्याबरोबर कडूपणाही जातो आणि फळ सुरकुतते.

हिरवे आणि काळे ऑलिव्ह वेगवेगळ्या झाडांचे असतात, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. एकच फळ कच्चे असताना हिरवे असते आणि पिकताना जांभळे, मग काळे होते. हाल्किदिकीची मोठी फळे हिरवी असतानाच तोडतात, इतकेच. कोरोनेइकी जातीचे फळ अगदी बारीक, पण ग्रीसमधील तेलाची मुख्य जात हीच. फळे कुटून लगदा दाबला की तेल आणि पाणी एकत्र निघते. तेलाची घनता सुमारे ०.९१ असल्याने ते आपोआप वर तरंगते. पूर्वी हेच तेल दिव्यात जळे, खेळाडू ते अंगाला चोळीत आणि त्याचा साबणही होई. प्राचीन ऑलिंपिक विजेत्याच्या मस्तकी रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट घालीत. २००४ मध्ये अथेन्सच्या स्पर्धांत ही प्रथा पुन्हा पाळली गेली.

खारवण्यासाठी मीठ किती घ्यावे? ग्रीक गृहिणी तराजू न घेता ते ठरवीत. पाण्यात ताजे अंडे सोडायचे आणि ते वर येऊन त्याचा थोडासा भाग पाण्याबाहेर दिसेपर्यंत मीठ विरघळवीत जायचे. ही युक्ती आर्किमिडीजच्या तत्त्वावरच चालते.

तुम्हीही करून पाहा. एक लिटर पाण्यात अंडे किंवा छोटा कच्चा बटाटा सोडा. दहा-दहा ग्रॅम मीठ विरघळवत जा. किती मिठाला तो तरंगू लागतो, याची नोंद करा. त्या द्रावणाची घनता काढलीत, तर बटाट्याची घनता किती हे न मोजताच कळेल. कसे, ते तुम्हीच सांगा!