औषधिद्रव्यांची शुद्धता आणि कृषिशिक्षणाच्या वाटा

चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्यापाठोपाठ द्रव्याचे स्थान आहे. द्रव्यच सदोष असेल तर अचूक निदानही व्यर्थ जाते. तरीही आपल्या फार्मसीत येणारे मूळ, साल अथवा पान कोठे वाढले, कोणत्या ऋतूत काढले व कसे वाळविले, याची नोंद बहुधा बिलावर नसते. ही उणीव भरून काढणारी माणसे कृषी व संलग्न शास्त्रांतून तयार होतात. म्हणून बारावीनंतरच्या या वाटांचा परिचय वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनीही करून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

शास्त्राधार : चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात द्रव्यसंग्रहाचा विचार आला आहे. मुळे ग्रीष्म वा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात आणि सार हेमंतात घ्यावे, असा तेथील निर्देश आहे. सुश्रुतानेही सूत्रस्थानात भूमिपरीक्षेस स्वतंत्र अध्याय दिला आहे. आजची मृदाशास्त्र, उद्यानविद्या व काढणीपश्चात तंत्रज्ञान ही शास्त्रे याच प्रश्नांचा अभ्यास करतात.

चूक कोठे होते : अशोकाच्या सालीच्या जागी वसाहतींच्या कुंपणालगत वाढणाऱ्या उंच, सरळ ‘खोट्या अशोका’ची साल बाजारात येते, हे आपण जाणतो. साल वाळून तिचे तुकडे झाले की नुसत्या डोळ्यांनी ओळख पटविणे कठीण होते. रोपवाटिकेपासून गोदामापर्यंत जाणकार असेल तरच हा घोटाळा मुळात थांबतो.

शिक्षणाच्या सोयी : पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. कोकणासाठीचे कृषी विद्यापीठ दापोली येथे १९७२ पासून कार्यरत असून कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र व कृषी अभियांत्रिकी यांचे चार वर्षांचे पदवी अभ्यासक्रम तेथे आहेत. विज्ञान शाखेतून बारावी व राज्य सामाईक प्रवेश परीक्षा हा त्यांचा मार्ग होय. डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतकरी व ग्रामीण युवक यांना तेथे प्रशिक्षण मिळते.

बोईसर-तारापूर परिसरातील पालकांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने कारखान्यातील नोकरी असते. स्वतःची जमीन नसेल तर कृषिपदवी निरुपयोगी, हा समज मात्र बरोबर नाही. रोपवाटिका, बियाणे, मृदापरीक्षण, कृषिसेवा, बँकांचे कृषिकर्ज विभाग, शासकीय सेवा व संशोधन अशी अनेक क्षेत्रे या पदवीधरांना खुली आहेत. आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या अनुसूची ‘टी’नुसार गुणनियंत्रणासाठी आयुर्वेद व रसायनशास्त्राबरोबर वनस्पतिशास्त्राचा जाणकारही अपेक्षित आहे. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरास ही वाट थेट आपल्या व्यवसायात आणते.

स्थानिक ज्ञान : वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी या समाजांना येथील वनस्पतींची पिढीजात ओळख आहे. गुराखी व वनवासी औषधी ओळखतात, हे चरकानेही मान्य केले आहे. शेजारच्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेलीच्या संकलनातून व्यवसाय उभा केला. अशा घरांतील मुले वनशास्त्र वा उद्यानविद्या शिकली तर पारंपरिक ओळखीस प्रयोगशाळेची जोड मिळेल.

आपले कर्तव्य : पदवीधर तयार होऊनही त्यांच्या ज्ञानाचे मोल द्यावयास कोणी नसेल तर ही वाट अर्ध्यावरच खुंटेल. यास्तव आमच्या तीन सूचना आहेत.
१. खरेदी करताना प्रत्येक खेपेसोबत स्थान, ऋतू व काढणीची नोंद मागावी आणि अशा मालास वाजवी अधिक भाव द्यावा.
२. लागवडीचा सल्ला देण्यापूर्वी खरेदीचा लेखी करार करावा. शतावरीसारखे पीक हाती येण्यास दीड-दोन वर्षे लागतात. ग्राहक नसेल तर तो सर्व काळ शेतकऱ्याच्या अंगावर पडतो.
३. कृषिविद्यार्थ्यांना सुटीत आपल्या फार्मसीत द्रव्यपरीक्षण पाहण्याची संधी द्यावी.

दवाखान्यात येणारे पालक मुलांच्या पुढील शिक्षणाविषयीही वैद्याचे मत विचारतात. त्या वेळी वैद्यकी व अभियांत्रिकी यांबरोबर कृषिशास्त्राचेही नाव आपल्या तोंडी यावे. उद्याच्या औषधाची शुद्धता त्यावरही अवलंबून आहे.