थकवा वयाचा नव्हता

चाळिशीनंतर ‘अंगात त्राण नाही’ असं मी रोज म्हणू लागले. घरी, शाळेत, शेजारी उत्तर एकच मिळे: वय झालं आता. मी प्राथमिक शाळेत शिकवते. दिवसभर उभं राहायचं, घरी येऊन स्वयंपाक, सासूबाईंचं पथ्यपाणी. माणूस दमणारच, असं मलाही वाटे. पण रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड. एक जिना चढला की धाप. विंचरताना केसांचा पुंजका हातात. आणि वर्गात बसल्याबसल्या पाटीवरची पेन्सिल चघळण्याची अनावर इच्छा. ही इच्छा बायका कुणाला सांगत नाहीत. पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटणं हे अनेकदा शरीरात लोह कमी असल्याचं लक्षण असतं, म्हणून ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

जिथे दाखवायला गेले, तिथे रक्त न तपासता ताकदीचं टॉनिक हाती पडलं. एक बाटली संपली की दुसरी. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि लगेच रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन आठाच्याही खाली होतं. गरोदर नसलेल्या बाईत ते किमान 12 असावं. पाळीत जास्त रक्त जात होतं, हे त्याचं कारण. ते का जात होतं हे सोनोग्राफीत कळलं आणि त्यावर उपचार झाले. लोहाच्या गोळ्यांइतकेच ते उपचार गरजेचे होते, कारण गळती चालू असताना नुसतं भरत राहून काही साधत नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. इतक्या बायका दमलेल्या असतात आणि त्यांना सांगितलं जातं, वय झालं!

घरच्या उपायांबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. बीट लाल असतं म्हणून त्याने रक्त वाढतं, खजूर आणि गूळ खाल्ला की झालं, असं अजूनही सांगतात. बिटात आणि खजुरात लोह अगदी थोडं असतं. गुळाने साखर वाढते, तेवढ्या प्रमाणात लोह मिळत नाही. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, मटकी, हरभरे, अळीव घ्या, आणि खात असाल तर मटण, मासे. लोखंडी कढईत आंबट आमटी-भाजी शिजवली तर थोडं लोह अन्नात उतरतं. ताटात लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू असू द्या. धान्यातलं लोह त्यामुळे अंगी लागतं.

आणि चहा! जेवण झालं की कपभर चहा ही आपली जुनी सवय, पण चहातली द्रव्यं अन्नातलं लोह अडवतात. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही चहा-दुधासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. पोट बिघडलं तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. आकडा सुधारला तरी शरीरातला साठा भरायला आणखी सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात; बहुतेक जणी इथेच सोडतात. मात्र तपासणीशिवाय स्वतःच्या मनाने लोह सुरू करू नये. थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिनही कमी असू शकतं, आणि त्यामागे लोहाची कमतरता असेलच असं नाही.

प्रत्येक थकवा लोहाचाच असतो असंही नाही. शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं नेहमीचं. थायरॉइड, साखर, मनाची उदासी हीही कारणं असतात, घोरणाऱ्या माणसाची मोडत राहणारी झोपही असते. कारण सापडल्यावर मग रोजच्या साध्या गोष्टी खरोखर उपयोगी पडतात. संध्याकाळी पाचनंतरचा चहा मी सोडला, कारण त्याचा परिणाम कितीतरी तास टिकतो आणि झोप उथळ होते. चहा-बिस्किटांऐवजी भाजलेले फुटाणे-शेंगदाणे खाते, त्यामुळे दुपारी डोळे मिटत नाहीत. दमलेली असले तरी जेवणानंतर थोडं चालते.

सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणं हे मला सर्वांत जास्त खटकतं. भाजी संपलेली असते, उरते ती भाकरी आणि लोणचं. स्वयंपाक करणाऱ्या बाईचं ताट इतरांबरोबरच वाढलं गेलं पाहिजे, आणि ते पाहणं घरातल्या पुरुषांचंही काम आहे.

घरात कुणी आठवडेच्या आठवडे ‘दमले’ म्हणत असेल, तर टॉनिकची बाटली आणू नका. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासून मिळतं. तिला या आठवड्यातच घेऊन जा.