हुकूम आणि कायदा

इ. स. १९५२ चा एप्रिल महिना. कोरियात युद्ध चालू होते आणि अमेरिकेचे सैनिक तेथे लढत होते. तोफा, रणगाडे, जहाजे या सर्वांना पोलाद हवे. नेमक्या अशा वेळी पोलाद कारखान्यांतील पाच लाखांहून अधिक कामगार संपाच्या तयारीस लागले. त्यांना वेतनवाढ हवी होती. किंमत वाढवू दिल्यावाचून वेतन वाढविता येणार नाही, असे मालक म्हणत. आणि महागाईच्या भयाने सरकार किंमत फारशी वाढू देत नव्हते.

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्यापुढे मोठा पेच पडला. संप झाला तर सैनिकांना शस्त्रे कोठून पुरवावयाची? ८ एप्रिलच्या रात्री त्यांनी नभोवाणीवरून भाषण केले आणि देशातील बहुतेक पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा हुकूम व्यापारमंत्र्यांना दिला.

ट्रूमन यांचा हेतू देशहिताचा होता. तथापि, असा हुकूम देण्याचा अधिकार त्यांना होता काय?

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फिया येथे तयार झाली. राजसत्तेचा जाच सोसलेल्या त्या लोकांनी सत्ता एका हाती ठेवली नाही. तिचे तीन भाग केले. कायदे करणे हे काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे काम. तिची सभागृहे दोन. प्रतिनिधिगृहात राज्याच्या लोकसंख्येच्या मानाने सभासद असतात. सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाचे दोनच. कायदे अमलात आणणे हे राष्ट्राध्यक्षांचे काम. सैन्याचे सरसेनापतीही तेच. कायद्याचा अर्थ लावून निवाडा करणे हे न्यायालयांचे काम.

हे तीन भाग एकमेकांवर अंकुशही ठेवतात. काँग्रेसचे विधेयक राष्ट्राध्यक्षांना नकाराधिकाराने परत धाडता येते. परंतु दोन्ही सभागृहांनी ते दोनतृतीयांश मतांनी पुन्हा संमत केले, तर त्याचा कायदा होतो. १९४७ साली टॅफ्ट-हार्टले कायदा ट्रूमन यांच्या नकाराला न जुमानता असाच झाला होता. राष्ट्रीय संकटाच्या वेळी न्यायालयाकरवी ८० दिवस संप थांबविण्याची सोय त्यात होती. कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार मात्र काँग्रेसने विचारपूर्वक दिला नव्हता. कामगारांनी आधीच कित्येक आठवडे संप लांबणीवर टाकला असल्याने त्या कायद्याचा मार्ग ट्रूमन यांना अन्यायाचा वाटला. म्हणून त्यांनी हा दुसरा मार्ग धरला.

मालकांनी न्यायालयात धाव घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तेथील नऊ न्यायाधीशांपैकी चौघांना स्वतः ट्रूमन यांनी नेमले होते. उरलेल्या पाचांना त्यांच्याच पक्षाचे फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी. परंतु सिनेटच्या संमतीने एकदा नेमलेल्या न्यायाधीशाला दूर करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही. त्यामुळे त्याला कोणाची मर्जी राखावी लागत नाही.

२ जून १९५२ रोजी निकाल लागला. सहा विरुद्ध तीन मतांनी हुकूम घटनाबाह्य ठरला. विरुद्ध मत देणाऱ्या सहांत ट्रूमन यांनी नेमलेले दोघे होते. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकालपत्रात सांगितले की, कायदे करण्याचा अधिकार सुखाच्या काळी आणि संकटाच्या काळीही काँग्रेसचाच आहे.

न्यायालयाजवळ ना सैन्य होते, ना खजिना. दोन्ही बाबतींत राष्ट्राध्यक्ष बलवान. निकाल तर त्यांना मुळीच पटला नव्हता. तरीही त्याच दिवशी त्यांनी कारखाने मालकांना परत केले. संप सुरू झाला, तो ५३ दिवस चालला आणि राष्ट्राला त्याची झळ सोसावी लागली.

दुष्ट हेतूने वापरलेली सत्ता रोखावी, हे सर्वांनाच पटते. परंतु सद्हेतूने मर्यादा ओलांडणारी सत्ताही रोखावी लागते. कारण आज चांगल्या कामासाठी मोकळी केलेली वाट उद्या कोण कशासाठी वापरील, हे सांगता येत नाही.

शब्दार्थ : नकाराधिकार – विधेयक नाकारण्याचा अधिकार. घटनाबाह्य – राज्यघटनेत न बसणारे. अंकुश – दाब, नियंत्रण.

स्वाध्याय : (१) ट्रूमन यांनी कारखाने ताब्यात का घेतले? (२) न्यायाधीशांना निर्भयपणे मत का देता आले? (३) हेतू चांगला असूनही हुकूम रद्द झाला, हे योग्य झाले काय? सकारण लिहा.