रेझिनवर संयुगसंग्रह बनवताना पैसा कुठे जातो?

रेझिनच्या मण्यांवर छोट्या रेणूंचा संग्रह बनवायचा ठरला की बहुतेक प्रयोगशाळा सगळ्यात आधी रेझिनचं कोटेशन मागवतात. तो आकडा डोळ्यांत भरतो खरा, पण मोठा खर्च द्रावकांवर, जादा घालाव्या लागणाऱ्या रसायनांवर आणि त्याहून जास्त शेवटच्या शुद्धीकरणावर होतो. म्हणून हिशेब हाती येणाऱ्या शुद्ध मिलिग्रॅमवर मांडा.

समजा, ९६ संयुगं हवी आहेत, प्रत्येकी ५० मायक्रोमोल. रिंक अमाइड रेझिनचं लोडिंग ग्रॅममागे ०.७ मिलिमोल असेल, तर एका नळीत ७१ मि.ग्रॅ. आणि सगळ्या संचाला सुमारे ७ ग्रॅम रेझिन लागेल. कमी लोडिंगचं रेझिन स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका. लोडिंग निम्मं झालं की रेझिन दुप्पट लागतं आणि ते फुगवायला, धुवायला द्रावकही जवळपास दुप्पट. वरच्या संचात प्रत्येक नळी दर टप्प्याला १ मि.लि. द्रावकाने ५ वेळा धुतली, तरी चार टप्प्यांत १.९ लिटर संपतं, तेही नुसत्या धुण्यात.

मेरीफिल्डने १९६३ साली दाखवलेल्या या पद्धतीची सोय अशी, की रसायन भरपूर जादा घालून अभिक्रिया पुरी करायची आणि उरलेलं धुऊन टाकायचं. त्या सोयीची किंमत इथेच मोजावी लागते. ८ अमाइन आणि १२ आम्लं यांच्या जोड्या लावून ९६ संयुगं होतात. प्रत्येक घटक ५ पट घातला आणि रेणुभार २०० धरला, तर एका नळीला ५० मि.ग्रॅ. लागतो. म्हणजे प्रत्येक अमाइन ६०० मि.ग्रॅ. आणि प्रत्येक आम्ल ४०० मि.ग्रॅ. एकेक ग्रॅमची बाटली पुरते. घटक दुर्मीळ असेल तर तो २ पटच घाला, वेळ वाढवा आणि कैसर चाचणीने खात्री करा. दुय्यम अमाइनसाठी मात्र क्लोरानिल चाचणी वापरा. साध्या जोडणीला डीआयसी-ऑक्झिमा पुरतं. महागडं एचएटीयू अवघड जोडण्यांसाठी राखून ठेवा.

आता उताऱ्याकडे बघा. सहा टप्पे ९५ टक्क्यांनी झाले तर शेवटी सुमारे ७४ टक्के उरतात, ९० टक्क्यांनी झाले तर ५३. रेणुभार ४०० असेल तर २० मि.ग्रॅ.ऐवजी एकदा पावणेपंधरा आणि एकदा साडेदहा मि.ग्रॅ. हाती येतात. शिवाय रेझिनवर मधला पदार्थ शुद्ध करता येत नाही. सगळा गाळ टीएफएने (ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्लाने) सोडवताना एकदम खाली उतरतो आणि मग ९६ वेळा प्रेप-एचपीएलसी चालवावी लागते. ती टाळण्याचा एकच भरवशाचा उपाय मला दिसतो: आधी सगळ्यात त्रासदायक घटक निवडून आठ संयुगं करून पाहा. १९९२ मध्ये ब्युनिन आणि एलमन यांनी रेझिनवर केलेल्या बेंझोडायझेपिनांसारखा, कृती छापून आलेला सांगाडा निवडलात तर ही चाचपणी आणखी लवकर उरकेल.

सुरुवातीला स्वयंचलित सिंथेसायझर लागत नाही. तळाला फ्रिट असलेली पॉलिप्रॉपिलिनची सिरिंज आणि एक शेकर पुरे.

काम बाहेर देत असाल तर कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: किती टक्के शुद्धता, किती मिलिग्रॅम, आणि फसलेल्या संयुगाचे पैसे कोण भरणार. स्वतः करत असाल तर डीसीएमचा (डायक्लोरोमिथेनचा) कचरा वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि तळोजा किंवा रांजणगावच्या अधिकृत केंद्राचा वजनावरचा दर अंदाजपत्रकात आधीच धरा.