उत्खननातला एक दिवस : माती वाचायची कशी?

'एक्सकॅव्हेशन' हा शब्द आपण, विशेषतः सिव्हिलवाले, रोज ऐकतो. आपल्या लेखी त्याचा अर्थ म्हणजे अमुक घनमीटर माती आणि जेसीबीचे तमुक तास. पुरातत्त्वाच्या लोकांकडे मात्र याच शब्दाचा अर्थ बदलतो. आपण माती काढतो जागा रिकामी करायला, ते माती काढतात वाचायला. ही वाचायची पद्धत काय असते, ते एका दिवसाच्या कामातून पाहू.

उदाहरणाला इनामगाव घेऊ. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर ही जागा आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव तिथे सापडलं. अशा जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे 'पांढरी' म्हणतात. शतकानुशतकांची राख, पडलेल्या भिंती आणि कचरा साठून ते तयार होतं.

काम सुरू होण्याआधी दोरी आणि खुंट्या लावून चौकोन आखतात. दोन चौकोनांमध्ये न खोदलेला बांध ठेवतात, त्याला बाल्क म्हणतात. सर मॉर्टिमर व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. त्यांनी ही पद्धत इथे रुजवली. बांध ठेवायचा कारण त्याच्या उभ्या कापात सगळे थर एकावर एक दिसतात. जिऑलॉजीत शिकलेला नियम इथेही लागू होतो : खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा.

सकाळी लवकर काम सुरू होतं, कारण तिरप्या उन्हात आणि ओलसर मातीत रंगातला फरक चांगला कळतो. आदल्या दिवशीचा तळ खुरपीने आणि ब्रशने साफ करतात. मग आपल्या ओळखीची डंपी लेव्हल लावून खोली मोजतात. म्हणजे सर्व्हेचं प्रॅक्टिकल इथे खरंच उपयोगी पडतं!

मग टिकाव हलक्या हाताने चालवायचा, एका वेळी थोडे सेंटिमीटरच. भुसभुशीत मातीतून एकदम घट्ट लागलं, की थांबायचं. ती घराची चोपलेली जमीन असू शकते. त्या जमिनीत काळसर मातीचा गोल डाग दिसला, तर तो बहुधा लाकडी खांबाचा खळगा. खांब कुजून गेलेला असतो, उरतो फक्त मातीचा रंग. असे खळगे ओळीने जोडले की घराचा प्लॅन मिळतो. इनामगावला आधीची घरं मोठी आणि चौकोनी होती, नंतरच्या काळात लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी होऊन गाव गरीब झालं, असा निष्कर्ष डॉ. ढवळीकरांनी मांडला. म्हणजे एवढी मोठी गोष्ट उभी आहे ती मातीतल्या अशा खुणांवर.

सगळ्यात अवघड असतो खड्डा ओळखणं. इनामगावच्या लोकांनी लहान मुलांना घरातल्या जमिनीखाली पुरलं होतं, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात. आता समजा, एकावर एक अशा तीन घरांच्या जमिनी आहेत आणि सर्वांत खालीच मडकी सापडली. मूल खालच्या घरातलं का? तसंच काही नाही. खड्डा सर्वांत वरच्या जमिनीतून खणलेला असू शकतो. तो कुठल्या जमिनीपासून सुरू झाला, हे त्याची कड दिसली तरच कळतं. ती कड टिकावाखाली गेली, तर ते मूल चुकीच्या पिढीच्या नावावर जातं. आणि मडकं कितीही अखंड निघालं, तरी ही चूक दुरुस्त होत नाही.

दुपारी माती चाळतात. खापरं, हाडं, मणी वेगवेगळ्या पिशव्यांत जातात आणि प्रत्येक पिशवीवर चौकोनाचा नंबर, थर, खोली, तारीख लिहिलेली असते. कार्बन डेटिंगचा कोळसा हात न लावता उचलतात. काही माती पाण्यात ढवळतात, की जळके दाणे वर तरंगतात. इनामगावचे लोक मुख्यतः बार्ली म्हणजे सातू पिकवत, हे अशा दाण्यांवरूनच कळलं.

संध्याकाळी ओळंबा आणि टेप घेऊन कापाचं ड्रॉइंग काढतात, फोटो घेतात, फील्डबुक लिहितात. हे कंटाळवाणं वाटेल, पण दिवसाचं खरं काम हेच. लॅबमधलं रीडिंग चुकलं तर आपण पुन्हा घेतो. इथे मात्र नमुना वाचता वाचताच नष्ट होतो. काढलेला थर परत रचता येत नाही. उद्या शिल्लक राहणार ते फक्त आज लिहिलेलं.

हे आपल्याला कशाला, असं कुणी विचारेल. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वे बांधताना हडप्पाच्या विटा खडीसाठी वापरल्या गेल्या. सुमारे १०० मैल मार्गाला पुरेल एवढी वीट तिथून गेली, असं कनिंगहॅमने नोंदवलं आहे. ती रेल्वे बांधणारे आपल्यासारखे इंजिनिअरच होते. काम त्यांनी चोख केलं, फक्त आपण काय उचलतोय हे त्यांना माहीत नव्हतं.

आपल्याला ते माहीत आहे. पाया किंवा कालवा खणताना राखेचा पट्टा आणि रंगवलेली खापरं एकत्र दिसली, तर मशीन थांबवा, फोटो काढा, काही हलवू नका आणि जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारकच आहे. साईटचा एखादा दिवस वाया जाईल. पण बकेट एकदा फिरली, की ते पान वाचायची संधी पुन्हा कुणालाच मिळत नाही.