लक्ष्य-वजन : शस्त्रक्रियेपूर्वीचे गणित

लखनौच्या हजरतगंज या बाजारपेठेत संध्याकाळी सहज फेरफटका मारण्याची जुनी रीत आहे. तेथील लोक तिला लाडाने ‘गंजिंग’ म्हणतात. निरोगी माणसाला हे अंतर जाणवतही नाही. परंतु अतिस्थूल माणसाला तेवढ्यातच अनेकदा धाप लागते आणि गुडघे दुखू लागतात. अशा व्यक्तीने वैद्यांच्या सल्ल्याने वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेण्याचे ठरवले, की तिच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो : आपले वजन शेवटी किती व्हावे? या अपेक्षित वजनाला लक्ष्य-वजन म्हणतात. ते कसे ठरवावे, याचा विचार या पाठात करू.

तक्त्यांची मर्यादा

पुष्कळ लोक उंची-वजनाच्या तक्त्यातील आकडा उचलतात. असे तक्ते प्रथम विमा कंपन्यांनी लोकप्रिय केले. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९४३ साली आणि पुन्हा १९५९ साली ते प्रसिद्ध केले. विमेदारांपैकी कोणत्या वजनाचे लोक अधिक काळ जगले, हा त्यांचा आधार होता. विमा न उतरवणाऱ्यांचा, आणि अर्थातच आपल्या देशातील लोकांचा, त्यांत समावेश नव्हता.

आज सर्वत्र वापरले जाणारे माप म्हणजे शरीर-वस्तुमान निर्देशांक, व्यवहारातील बीएमआय, होय. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. हे सूत्र बेल्जियमचे गणिती केतले यांनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. त्याचे आजचे नाव मात्र १९७२ साली अन्सेल कीज यांनी रूढ केले. हे माप सोपे आहे, परंतु शरीरात चरबी किती आणि स्नायू किती हे त्यावरून कळत नाही.

याचे बोलके उदाहरण पुण्याचे आहे. के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच माप प्रसिद्ध केले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती! त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. सारांश, केवळ आकडा पाहून दोन माणसांना एकच लक्ष्य देता येत नाही.

शस्त्रक्रियेने काय साधते?

या शस्त्रक्रियांचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. एकात जठराचा बराचसा भाग कापून उरलेल्या भागाला अरुंद नळीचा आकार देतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या भागाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. यामुळे थोड्या अन्नाने पोट भरते. शिवाय भूक आणि तृप्ती यांची सूचना देणारी संप्रेरकेही बदलतात.

तथापि शरीर वाटेल तेवढे वजन सोडत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात जठर-वळण शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले; दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्के उरली. म्हणजे थोडे वजन परत आले. असे होणे हा रुग्णाच्या इच्छाशक्तीचा दोष नव्हे. याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळले, हेही ध्यानात ठेवावे.

एक उदाहरण

समजा, एका स्त्रीची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ११० किलो आहे. १.६ चा वर्ग २.५६, म्हणून तिचा निर्देशांक सुमारे ४३ येतो. निर्देशांक २३ हवा असेल तर वजन सुमारे ५९ किलो झाले पाहिजे, म्हणजे ५१ किलो अथवा ४६ टक्के घट झाली पाहिजे. वरील अनुभवाशी ताडून पाहता ही अपेक्षा बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे.

आता २५ ते ३० टक्के घट धरू. तिचे वजन ७७ ते ८३ किलोंच्या दरम्यान येईल. तक्ता अजूनही तिला ‘स्थूल’ म्हणेल. पण अंगावरचे तीस किलोंच्या आसपासचे ओझे उतरलेले असेल, आणि तिला मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास त्यांत पुष्कळदा मोठी सुधारणा दिसेल. जिने ५९ हाच आकडा मनात धरला, ती मात्र या यशालाच अपयश समजेल. निराशेने तिने तपासणी आणि जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या सोडल्या, तर खरी हानी होईल. कारण शस्त्रक्रियेनंतर ही काळजी जन्मभर घ्यावी लागते.

दोन लक्ष्ये, एक वही

शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे अल्प-ऊर्जेचा आहार देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्याचा मुख्य हेतू यकृताचा आकार कमी करणे हा असतो; मोठे यकृत जठरावर आडवे येते आणि शल्यविशारदाला काम अवघड जाते. हे जवळचे लक्ष्य होय. अंतिम लक्ष्य त्याहून निराळे असून दोहोंची गल्लत करू नये.

अंतिम लक्ष्य वैद्य आणि आहारतज्ज्ञ यांच्यासमवेत ठरवावे. ते एका आकड्याऐवजी पल्ल्याच्या रूपात असावे, आणि त्याला मुदतही असावी. वहीत त्याच्या शेजारी कंबरेचा घेर, रक्तशर्करा, रक्तदाब, झोपेतील श्वास आणि न थांबता चालता येणारे अंतर यांचीही नोंद ठेवावी. तराजूचा काटा थांबला असता या रकान्यांत प्रगती दिसू शकते.

हजरतगंजमधून न थांबता एक फेरी मारता येणे, हेही लक्ष्यच आहे. आणि ते कोणत्याही तक्त्यात छापलेले नसते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. उंची १७० सेंटिमीटर व वजन १३० किलो असलेल्या माणसाचा निर्देशांक काढा. २५ व ३० टक्के घट झाल्यास त्याचे वजन किती होईल?

२. निर्देशांक समान असूनही दोन माणसांच्या प्रकृतीचा धोका वेगळा का असू शकतो?

३. लक्ष्य-वजन पल्ल्याच्या रूपात का असावे?